माळ्यावरच्या टीव्ही गेमला अडॅप्टर शोधताना

मे महिना लागला, शाळांना सुट्ट्या पडल्या, की अमळनेरच्या आमच्या दुकानात पिशव्यांतून टीव्ही गेम यायला लागतात. माळा आवरताना सापडलेला समुराई, मीडिया, लिटल मास्टर. सुरतेला कामाला असलेल्या काकांनी तेव्हा आणलेला, नावगाव नसलेला एखादा चिनी. क्वचित कुणाच्या आखातातल्या पाहुण्याने दिलेला खरा सेगा. डबा सापडतो, रिमोट सापडतात, कॅसेटसुद्धा सापडते. अडॅप्टर तेवढा नसतो, कारण मधल्या वर्षांत तो कुणीतरी रेडिओला लावलेला असतो, नाहीतर गणपतीच्या लाइटिंगला.

मग घरात शोधाशोध होते. राउटरचा अडॅप्टर सापडतो, पिन बसते, सगळे खूश, आणि डबा काही चालू होत नाही. गेल्या सुट्टीत एक पोरगा काउंटरवर डबा ठेवून म्हणाला, "ताई, पिन ते बसी गयी, मंग चालत काबर नही?" त्याच्या डब्याला आत, म्हणजे पिनेच्या मधल्या भोकात, उणे लागत होतं आणि अडॅप्टरचं आत अधिक होतं. नशीब म्हणून त्या डब्यात पुढे डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग होता, एवढ्यावरच निभावलं.

तेव्हा अडॅप्टर शोधायचा तर सुरुवात पिनेपासून करायची नाही. पिन सगळ्यात शेवटी बघायची, आणि ती दहा-वीस रुपयांत बदलताही येते. आधी डब्याला काय लागतं ते नक्की करायचं.

जुना अडॅप्टर हाताशी असेल तर

तो मेला असं ठरवण्याआधी त्याची वायर तपासा. हे अडॅप्टर आतून फारसे बिघडत नाहीत. वायर तुटते ती पिनेच्या मानेपाशी, जिथे पोरं डबा ओढताना ती वाकवतात, किंवा अडॅप्टरमधून बाहेर येते तिथे. पिनेपाशी वायर हलवून बघा. हलवताना टीव्हीवर चित्र लुकलुकलं, तर अडॅप्टर चांगला आहे. चार बोटं वायर कापून टाका, नवी पिन लावा, काम झालं.

जड, ठोकळ्यासारखा जुना अडॅप्टर असेल तर आत ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कॅपॅसिटर, एवढंच असतं. तो बोर्डातून काढून भिंतीकडच्या दोन पायांवर मीटरने ओहम मोजा. काहीशे ते हजार-दीड हजार ओहम दाखवले तर प्रायमरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं भिंतीकडचं वाइंडिंग, शाबूत आहे. काहीच दाखवलं नाही तर वाइंडिंग तुटलंय, नाहीतर टेपखालचा थर्मल फ्यूज गेलाय. तो फ्यूज शॉर्ट करून अडॅप्टर चालवणारे मेकॅनिक मला माहीत आहेत. तुम्ही तसं करू नका. तो गेला म्हणजे ट्रान्सफॉर्मर तापला होता, आणि पुढच्या वेळी त्याला थांबवायला कुणी नसेल.

ट्रान्सफॉर्मर ठीक आहे, व्होल्टही येतात, पण टीव्हीवर आडवे धूसर पट्टे सरकतात आणि स्पीकर घूं करतो, तर कॅपॅसिटर वाळलाय. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा टाका. जागा असेल तर २२०० चा.

अडॅप्टर परदेशातून आलेला असेल तर बोर्डात खुपसण्याआधी त्याच्या पोटावर इनपुट वाचा. जपानचा १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० चा. आपल्याकडे २३० आहेत. फक्त पिनेचा आकार बदलून देणारा टॅपिंग प्लग लावला म्हणून व्होल्ट उतरत नाहीत. मिनिटाभरात वास येतो. असा अडॅप्टर बाजूला ठेवा आणि त्याच्यावर लिहिलेलं आउटपुट तेवढं कागदावर उतरवून घ्या. त्याचा उपयोग तेवढाच, पण तो मोठा आहे.

डब्याच्या पाठीवर काय वाचायचं

डबा पालथा करा, धूळ पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. प्लास्टिकमध्ये दाबलेली अक्षरं तिरक्या उजेडातच दिसतात. चार गोष्टी हव्या आहेत.

पहिली, एसी की डीसी. लाटेची खूण म्हणजे एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. दुसरी, व्होल्ट. तिसरी, अँपिअर किंवा मिलीअँपिअर. चौथी, ते छोटं चित्र: मधे ठिपका, भोवती अर्धवट गोल, एका बाजूला अधिक आणि एका बाजूला उणे. ठिपक्याला जी खूण जोडलेली ती पिनेच्या आतली. गोलाला जोडलेली ती बाहेरची. बहुतेक लोक चूक करतात ती याच चित्रात, कारण हल्लीच्या राउटर, सेट-टॉप बॉक्स, कॅमेरे या सगळ्यांना आत अधिक असतं आणि जुन्या जपानी गेमना बऱ्याचदा आत उणे.

व्होल्ट जुळायला हवेत. अँपिअर लिहिलेत तेवढे किंवा त्याहून जास्त चालतात. "ताई, दोन अँपिअरचा लावला तर गेम जळेल ना?" असं लोक विचारतात. नाही जळत. विहिरीला पाणी भरपूर आहे म्हणून कुणाचा पंप जळत नाही. पंप त्याला लागेल तेवढंच उचलतो. कमी अँपिअरचा मात्र तापतो, व्होल्ट पाडतो, आणि गेम मधेच रिसेट होत राहतो.

आता नावाचे डबे. १९८३ साली जपानात निघालेला निन्टेन्डोचा फॅमिकॉम १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीअँपिअर मागतो, आत उणे. आपल्याकडचे समुराई वगैरे सगळे त्याच्याच नकला आहेत, म्हणून त्यांचं खाणंही साधारण तेच, फक्त बहुतेकांवर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं. सुपर फॅमिकॉमलाही तोच अडॅप्टर चालतो. अमेरिकन सुपर निन्टेन्डोचे व्होल्ट तेच, पण पिन त्याची एकट्याची; ती बाजारात सुटी शोधत बसण्यापेक्षा तयार अडॅप्टर मागवावा.

त्याच फॅमिकॉमची अमेरिकेतली आवृत्ती म्हणजे एनईएस. तिचा अडॅप्टर ९ व्होल्ट *एसी* देतो, १.३ अँपिअर. एनईएसच्या आत ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारी चार डायोडांची जोडणी आहे, म्हणून तिला एसी द्या, डीसी द्या, उलटं द्या की सुलटं, ती चालते. ९ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा डीसी अडॅप्टर तिला मजेत पुरतो. पण उलट बाजूने बघा: एनईएसचा एसी अडॅप्टर फॅमिकॉमला लावला, तर पिन तंतोतंत बसते आणि फॅमिकॉममध्ये ब्रिज नाही. तो अडॅप्टर घरात असेल तर त्याच्यावर लाल टेप गुंडाळून ठेवा.

सेगाच्या मेगा ड्राइव्हचे दोन अवतार आहेत. पहिला, मोठा, हेडफोनचा व्हॉल्यूम पुढे असलेला: ९ व्होल्ट डीसी, आत उणे, आणि याच्या पोटात ७८०५ नावाचे, व्होल्ट उतरवून ५ वर धरणारे रेग्युलेटर दोन आहेत, म्हणून याला १ अँपिअरच्या वरचाच द्या. दुसरा, लहान: १० व्होल्ट, ८५० मिलीअँपिअर, आत *अधिक*, आणि पिनही निराळी, बारीक, पिवळ्या टोकाची. भारतात १९९५ साली शॉ वॉलेसने अधिकृत आणला तो हा दुसरा. नाव एकच, कंपनी एकच, आणि अधिक-उणे एकमेकांच्या उलट. "सेगाचा अडॅप्टर द्या" एवढं सांगून मागवलेला अडॅप्टर म्हणूनच कधी कधी नडतो.

अटारी २६०० ला ९ व्होल्ट डीसी, ५०० मिलीअँपिअर, आणि पिन हेडफोनसारखी ३.५ एमएमची, टोक अधिक. ही पिन आत सरकताना क्षणभर शॉर्ट होते, तेव्हा आधी डब्यात लावायची आणि नंतर बोर्डाचं बटण दाबायचं.

निन्टेन्डो ६४ ला हात लावू नका. त्याचा ठोकळा ३.३ आणि १२ असे दोन व्होल्ट एकदम देतो. घरगुती जुळवाजुळव तिथे चालत नाही. बारीक प्लेस्टेशन २ ला ८.५ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअरच्या वर लागतात. त्याला सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा लावायचा विचारही नको. पहिल्या प्लेस्टेशनला अडॅप्टरच नाही, रेडिओला असायची तशी आठाच्या आकाराची वायर पुरते, फक्त तो जपानी १०० व्होल्टवाला नाही ना एवढं पाठीवर वाचून घ्या.

पाठीवर काहीच लिहिलेलं नसेल तर

चिनी डब्यांचं हेच दुखणं. स्टिकर केव्हाच उडालेलं, प्लास्टिक कोरं. इथे मीटर लागतो. दुकानात मिळतो तो पिवळा ८३०डी पुरे, बीपवाला असेल तर उत्तम. डबा उघडायचीही गरज नाही.

डब्याला काहीही जोडलेलं नको. मीटर बीपवर ठेवा. एक टोक डब्याच्या मागच्या व्हिडिओच्या पिवळ्या भोकाच्या बाहेरच्या धातूच्या कड्याला लावा. ते कडं म्हणजे डब्याचं उणे, ग्राउंड. (फक्त अँटेनाचं भोक असेल तर त्याचं बाहेरचं कडं घ्या.) दुसरं टोक पॉवरच्या भोकातल्या मधल्या काडीला टेकवा. बीप वाजला, तर आत उणे. नाही वाजला, तर ते टोक भोकाच्या आतल्या कडेच्या पत्रीला लावा. तिथे वाजला, तर बाहेर उणे, म्हणजे आत अधिक. भोक लहान असतं, मीटरचं टोक जाड. पत्रीला नीट टेकत नसेल तर टाचणी पकडून टेकवा आणि काडीला लागू देऊ नका.

दोन्हीकडे वाजला नाही तर बहुधा आत ब्रिज आहे आणि कसंही चाललं असतं. पण "बहुधा" वर वीज द्यायची नसते. मग चार स्क्रू काढा. पॉवरच्या भोकाजवळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला ठोकलेला तीन पायांचा काळा ७८०५ सापडेल. अक्षरं आपल्याकडे, पाय खाली धरले तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा ५ व्होल्ट आउटपुट. भोकापासून डाव्या पायापर्यंत रस्ता शोधायचा: वाटेत चार डायोड भेटले तर ब्रिज, एकच भेटला तर उलट लावल्यावर वाचवणारा राखणदार, एकही नाही भेटला तर उलट लावू नका म्हणजे झालं. वाटेत चालू-बंदचं बटण असतं, ते दाबून बघायला विसरायचं नाही.

७८०५ दिसला की व्होल्टचा प्रश्नही सुटतो. त्याला ५ व्होल्ट काढून द्यायला इनपुटला साधारण ७ तरी लागतात. मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर असा डबा का चालत नाही, ते इथे कळतं. वरची मर्यादा ३५ आहे, पण तेवढ्यावर डबा चालवायचा असं कुणी समजू नये. उरलेले सगळे व्होल्ट तो उष्णता म्हणून बाहेर टाकतो. डबा अर्धा अँपिअर खात असेल, तर ९ व्होल्टवर ७८०५ ला २ वॉट जिरवायचे, १२ व्होल्टवर साडेतीन. पुण्यात चालून जाईल. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला टेकतो, डबा टीव्हीखालच्या बंद कप्प्यात असतो, आणि पोरं दुपारभर उठत नाहीत. तासाभराने चित्र गोठतं, बंद करून ठेवलं की पुन्हा चालतं, असा डबा आला की मी पहिल्यांदा विचारते, "अडॅप्टर बारा व्होल्टचा का?" उत्तर बहुतेक हो असतं.

म्हणून साधा फॅमिकॉमछाप डबा असेल, तर मी सांगेन: ९ व्होल्ट डीसी, १ अँपिअर, हलका एसएमपीएस अडॅप्टर, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरच्या ठोकळ्याऐवजी सर्किटवर चालणारा. जुना ट्रान्सफॉर्मरवाला मिळाला तर जुनं ते सोनं म्हणून धावू नका. त्याचे व्होल्ट मागच्या लाइनबरोबर वरखाली होतात. संध्याकाळी गावात लाइन १८० वर आली, की त्याचे ९ चे ७ होतात, ७८०५ चा दम संपतो आणि चित्र थरथरतं. एसएमपीएसवर "इनपुट १००-२४०" असं लिहिलेलं असतं, तो १८० वर पण ९ चे ९ च देतो. तालुक्याच्या गावापेक्षा मळ्यावर राहणाऱ्यांना हा फरक जास्त कळेल.

घरात आणि शेजारीपाजारी

दुकानात जाण्याआधी खोके उपसा. काही जुन्या टीपी-लिंक राउटरचा अडॅप्टर ९ व्होल्ट, ०.६ अँपिअरचा असतो. आत अधिक आहे, म्हणून वायर उलटवावी लागेल, ते पुढे सांगते. फॅमिकॉमच्या स्वस्त नकलांमध्ये सगळा मेंदू एका काळ्या थेंबाखाली असतो आणि त्या करंट फार कमी खातात; त्यांना हा पुरतो.

सगळ्यात चांगला माल मात्र भजनी मंडळात नाहीतर बँडवाल्याकडे असतो. कॅसिओच्या जुन्या कीबोर्डांचा एडी-५ नावाचा अडॅप्टर: ९ व्होल्ट, ८५० मिलीअँपिअर, आत उणे. फॅमिकॉमला जणू मापाने शिवलेला. आमच्याकडे एक नाना हार्मोनियम सोडून कॅसिओवर आले आणि पुन्हा हार्मोनियमवर गेले, त्यांचा अडॅप्टर असाच एका समुराईला लागला. सध्याच्या कॅसिओचा ९.५ व्होल्टचा वेगळा आहे, त्याचं आत अधिक असतं, तेव्हा फक्त "कॅसिओचा" ऐकून उचलू नका. गिटारवाल्यांच्या पायातल्या पेडलचे अडॅप्टरही ९ व्होल्ट आणि आत उणे असतात, पण त्यातले काही फारच कमी मिलीअँपिअरचे असतात, आकडा वाचा.

सेट-टॉप बॉक्स आणि कॅमेऱ्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर प्रत्येक घरात आहे. तो थेट लावण्यापेक्षा मधे एलएम२५९६ चं, व्होल्ट उतरवणारं छोटं मॉड्यूल घाला. नखाएवढ्या स्क्रूने आउटपुट कमीजास्त करता येतं. डबा जोडण्याआधी मीटर लावून स्क्रू फिरवा आणि ९ वर आणून सोडा. सुरुवातीला कितीतरी आटे फिरवले तरी आकडा हलत नाही, घाबरायचं नाही, फिरवत राहायचं. मग स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकला की तो जागचा हलत नाही.

घरात असलेलं आणखी एक, बॅटरीच्या फवारणी पंपाचं चार्जर. त्याच्यावर १२ लिहिलेलं असलं तरी ते बॅटरी भरायला १४ च्या आसपास देतं. गेमला लावू नका. पंपाचं पंपाला.

आणि ते बाजारात मिळणारं सगळ्यांना चालणारं, ३ ते १२ व्होल्टचं बटण आणि चार तोंडांची पिन असलेलं. त्यातलं बरंचसं रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्ट एका जागी धरून ठेवणारं नसतं. ९ वर ठेवलं तरी रिकामं मोजल्यावर १२-१३ दाखवतं. अडीनडीला चालेल. पण त्या सरकत्या बटणाला लहान मूल कधीही १२ वर नेतं, आणि पिनेची अधिक-उणेची दोन टोकं उलट खुपसणं तर त्याहून सोपं.

मीटर आणि इंडिकेटरचा बल्ब

सापडलेला अडॅप्टर डब्याला दाखवण्याआधी मीटरला दाखवा. डीसी २० ची रेंज. लाल टोक पिनेच्या भोकात, काळं बाहेरच्या अंगाला. आकडा नुसता आला, तर आत अधिक. आकड्यापुढे उणे आलं, तर आत उणे. शून्य आलं तर फेकू नका, तो एसीचा असू शकतो. मीटर एसीच्या २०० वर नेऊन पुन्हा बघा.

रिकाम्या अडॅप्टरचा आकडा अर्धं खरं सांगतो. "९ व्होल्ट, २ अँपिअर" असं छापलेला, हातात घेतला तर रिकाम्या काडेपेटीसारखा हलका अडॅप्टर रिकामा असताना बरोबर ९ दाखवतो. ओझं घातलं की खरं कळतं. आमच्या दुकानात त्यासाठी मोटरसायकलचा इंडिकेटरचा बल्ब आहे, १२ व्होल्ट १० वॉटचा, दोन वायरी डकवलेला. ९ व्होल्टवर तो सातशे मिलीअँपिअरच्या आसपास खेचतो. पार्किंगचा ५ वॉटचा बल्ब घेतला तर साडेतीनशेच्या आसपास. डबा केवढा खातो त्याप्रमाणे बल्ब निवडा, अडॅप्टरला जोडा आणि जोडलेला असतानाच मीटरने व्होल्ट बघा. एसएमपीएस ९ वरून पावणेनऊवर आला तर ठीक. साडेसातवर घसरला तर छापलेला आकडा खोटा आहे. बल्ब लुकलुकत राहिला, तर अडॅप्टर ओझं झेपत नाही म्हणून बंद पडून पुन्हा उठतोय. थंड बल्ब पहिल्या क्षणी जास्त खेचतो, तेव्हा एकदा लुकलुकला तर माफ. दहा मिनिटं पेटू द्या, मग अडॅप्टरला हात लावा. कोमट असेल तर चालेल; हात ठेववत नसेल तर नको.

अडॅप्टर तपासायचा तो बाहेरूनच. हलक्या एसएमपीएसच्या आत २३० चे डीसी होऊन सव्वातीनशे व्होल्ट कॅपॅसिटरवर बसलेले असतात आणि वायर काढल्यावरही थोडा वेळ तिथेच राहतात. तो उघडायचा नाही.

पिन आणि उलटापालट

फॅमिकॉम, त्याच्या नकला, एनईएस, पहिला मेगा ड्राइव्ह, सगळ्यांना बाहेरून ५.५ आणि आतून २.१ एमएमची पिन लागते. बाजारात ५.५ बाय २.५ चीही असते, डोळ्यांना फरक कळत नाही. ती बसते, पण सैल. टेबलाला धक्का लागला की गेम रिसेट. दुकानदाराला "कॅमेऱ्याची डीसी पिन" मागा. हिरवा ठोकळा आणि दोन स्क्रू असलेली मिळते, ती बहुतेक २.१ चीच असते आणि तिला डाग द्यायला कावियाही लागत नाही.

अधिक-उणे उलटायचं असेल तर हाच मार्ग. अडॅप्टर बोर्डातून काढा, जुनी पिन कापा, दोन वायरी सुट्या करा, सोला. पांढऱ्या रेघेची वायर बहुतेक अधिक असते, पण वायरीच्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही, मीटरनेच ठरवायचं. टोकं एकमेकांना लागू न देता अडॅप्टर चालू करा, मोजा, बंद करा. मग हिरव्या ठोकळ्यावर जिथे अधिक लिहिलंय तिथे *उणे* वायर कसा आणि उणेच्या जागी अधिक. झालं, आत उणे. पुन्हा मीटर लावा: लाल भोकात, काळं बाहेर, आकड्यापुढे उणे यायला हवं. आता ठोकळ्यावरच्या खुणा खोट्या झाल्यात, म्हणून त्या मार्करने खोडा आणि अडॅप्टरवर मोठ्या अक्षरात लिहा: "गेम, ९ व्होल्ट, आत उणे, राउटरला लावू नये." घरातला दुसरा कुणी तो राउटरला लावणारच आहे.

विकत घ्यायचा झाला तर

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या दुकानांच्या गर्दीत कॅमेरे बसवणाऱ्यांची दुकानं शोधा. ९ व्होल्टचा अडॅप्टर मोबाइलवाल्यापेक्षा त्यांच्याकडे मिळण्याची शक्यता जास्त. धुळ्याला किंवा तालुक्याच्या गावी वाद्यांच्या दुकानात विचारा. "गेमचा अडॅप्टर" असं मागू नका, समोरचा पिन बसेल तो देईल. कागदावर लिहून न्या: डीसी, ९ व्होल्ट, १ अँपिअर, ५.५ बाय २.१, आत उणे. दुकानातच मीटर लावून मागा. चांगला दुकानदार रागावत नाही.

अडॅप्टरवर आयएसची खूण, आयएस १३२५२ हा आकडा आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. तो नसलेला पन्नास रुपयांनी स्वस्त मिळतो. हा पोरांच्या हातातला, दुपारभर तापणारा, पडद्याशेजारी लोंबणारा माल आहे. पन्नास रुपये द्या.

पहिल्यांदा चालू करताना

वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेल्या डब्याला एकदम पूर्ण वीज देऊ नये. तोच इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब अडॅप्टर आणि डब्याच्या मधे, अधिकच्या वायरीत, सिरीजमध्ये घाला. कॅसेट लावू नका. डबा चालू केल्यावर बल्ब भक्क पेटला आणि पेटलेलाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. बंद करा आणि डबा मेकॅनिकला द्या. बल्ब विझलेला किंवा नुसता लालसर असेल तर आत शॉर्ट नाही. बल्ब काढा, कॅसेट लावा, सरळ जोडा.

डब्याचा लाल दिवा लागला पण टीव्हीवर मुंग्याच दिसत असतील, तर अडॅप्टर बदलत बसू नका, त्याचं काम संपलंय. अँटेनाने जोडलं असेल तर टीव्हीवर ऑटो सर्च लावा. पिवळी वायर असेल तर नवा टीव्ही एव्ही इनपुटवर आहे ना बघा. तरी काही नाही, तर कॅसेटचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तोंडाने फुंकर मारायची नाही; थुंकीने पाय गंजतात.